सारथ्याचा अधिकार

निष्काम कर्माचा सिद्धान्त आपल्या समाजात जितका पूज्य मानला गेला तितकाच तो सोयीनेही वापरला गेला, आणि ही सोय बहुधा त्याचीच झाली ज्याला दुसऱ्याकडून काम करून घ्यावयाचे होते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ४७ वा श्लोक कचेऱ्यांच्या भिंतींवर, शाळांच्या व्हरांड्यांत आणि कारखान्यांच्या दर्शनी भागी रंगविलेला आढळतो. परंतु रंगवून घेणाऱ्याने तो स्वतःस उद्देशून रंगवून घेतला की हाताखालच्या माणसांस उद्देशून, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कर्म करावे आणि फळावर हक्क सांगू नये, हे तत्त्व मोक्षाची इच्छा धरणाऱ्या साधकापुरतेच आहे की महिन्याच्या सात तारखेची वाट पाहणाऱ्या चाकरासही ते लागू आहे, आणि लागू असेल तर त्याच्या धन्याने ते त्याला ऐकविण्याचा अधिकार कोठून मिळविला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. हा प्रश्न केवळ ग्रंथांतरीचा असता तर तो शास्त्री-पंडितांवर सोपवून स्वस्थ बसता आले असते. पण ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहरात १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत प्रवासी आगगाडी पोहोचली नव्हती, आणि ज्याचा सारा सार्वजनिक व्यवहार एस.टी.च्या लाल गाडीच्या आधाराने चालत आला, त्या बीड जिल्ह्यात तो २०२१-२२ च्या हिवाळ्यात बसस्थानकाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांचे आंदोलन सुरू झाले, आणि नोव्हेंबरात ते राज्यभर पसरून बीड, गेवराई, माजलगाव, धारूर, परळी, अंबाजोगाई, पाटोदा व आष्टी या जिल्ह्यातील आठ आगारांपर्यंत पोहोचले. कार्तिकी एकादशीची पंढरीची वाट आणि कार्तिकी पौर्णिमेची मन्मथस्वामींच्या कपिलधारची यात्रा, या दोन्ही याच मोसमात येत असल्यामुळे गाडी नसणे म्हणजे काय, हे जिल्ह्याला लगोलग कळले. मागणी वरवर पाहता एकच होती, ती म्हणजे महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण व्हावे. परंतु त्या एका मागणीच्या पोटात अनेक वर्षांच्या लहानमोठ्या तक्रारी साठलेल्या होत्या. पगार वेळेवर न होणे, साप्ताहिक सुट्टी ऐन वेळी रद्द होणे, कामगिरी वाटपात एकाच्या वाट्याला नेहमी सोयीची फेरी तर दुसऱ्याच्या वाट्याला नेहमी मुक्कामी गाडी येणे, त्या मुक्कामाच्या गावी पाठ टेकण्यापुरतीही खोली नसल्यामुळे गाडीतल्याच आसनावर डासांच्या संगतीत रात्र काढून पहाटे पुन्हा चाकावर बसणे, जुन्या झालेल्या इंजिनाने डिझेल जास्त खाल्ले तर त्याचा खुलासा चालकाने लिहून देणे, आणि आवाज चढविल्यास घरापासून दूरच्या आगारात बदलीचा हुकूम हाती पडणे, या गोष्टी कोणत्याही आगाराच्या चहाच्या टपरीवर बसणाऱ्यास नव्या नव्हत्या. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी शासनाने सेवेच्या वर्षांनुसार मूळ वेतनात अडीच ते पाच हजार रुपयांची वाढ जाहीर केली, तरी बहुसंख्य कर्मचारी कामावर रुजू झाले नाहीत. हजारोंचे निलंबन झाले, हजारोंना बडतर्फ करण्यात आले, आणि राज्यात कित्येकांनी या काळात आपले जीवन स्वतःच्या हातांनी संपविले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचे मत दिले. अखेर एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर परतण्याची मुदत घालून दिली आणि कामगार परतले.

या मागणीमागे एक इतिहास आहे. बीड हा निजामी इलाख्याचा जिल्हा होता, आणि १९३२ साली निजाम सरकारने २७ गाड्यांनिशी मोटारवाहतूक सुरू केली तेव्हा ती रेल्वेशी जोडलेल्या सरकारी खात्याचीच शाखा होती. त्या गाडीचा चालक सरकारी तैनातीतला माणूस होता. मुंबई इलाख्यातील पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला निघाली ती हैदराबाद संस्थान मुक्त होण्याच्याही आधी. आणि पुढे १९६१ साली मराठवाड्याची वाहतूक त्या महामंडळात मिळविण्यात आली. म्हणजे विलीनीकरणाची मागणी करणारा बीडचा चालक, स्वतःस ठाऊक असो वा नसो, एक जुनी स्थिती नव्या शब्दांत मागत होता.

त्याच हिवाळ्यात मराठवाड्याच्या आकाशातील एक वाटही बंद पडली, या योगायोगाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतील ज्या पहिल्या मार्गांचे उद्घाटन झाले त्यांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता, आणि त्यावर एटीआर जातीची लहान विमाने चालविणाऱ्या ट्रूजेट या प्रादेशिक कंपनीची उड्डाणे फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. तेव्हा कर्मचाऱ्यांची वेतने थकल्याची तक्रार तेथेही होतीच. त्यापूर्वी १७ एप्रिल २०१९ रोजी मुंबईच्या जेट एअरवेजचे अखेरचे उड्डाण झाले होते, आणि महिनोन्महिने बिनपगारी विमान हाकलेले वैमानिक एका रात्रीत बेकार झाले होते. वैमानिक आणि एस.टी.चा चालक यांच्या वेतनात जमीन-अस्मानाचे अंतर असले तरी त्यांच्या गाऱ्हाण्यांची जातकुळी एकच आहे, हे थोड्या विचारांती ध्यानात येते. आदल्या रात्री बदललेले वेळापत्रक, विश्रांतीच्या तासांतून कातरून घेतलेले तास, आणि ज्या शहरात बायकामुलांचे बिऱ्हाड थाटले त्या शहरातील तळच बंद करण्याचा वरिष्ठांचा फैसला, या तिन्ही गोष्टी दोघांनाही सारख्याच सोसाव्या लागतात. कारण दोघेही शेकडो जिवांचा भार वाहणारे, आणि दोघांचेही दिवस-रात्र तिसऱ्याच कोणीतरी दूरच्या दप्तरात बसून ठरविणारे.

अशा वेळी फलत्यागाचा उपदेश पुढे होतो. सेवेचे व्रत घेतलेल्या माणसाने मोबदल्याचा हिशेब करू नये, कर्तव्य हेच त्याचे पारितोषिक, हा त्या उपदेशाचा मथितार्थ असतो. आणि त्याला गीतेचा आधार दिला की ऐकणाऱ्याची जीभ आपोआप बांधली जाते, कारण गीतेशी वाद घालणार कोण? परंतु वाद गीतेशी नसून तिच्या नावाने केलेल्या एका गल्लतीशी आहे. ती गल्लत अशी की कर्माचे फळ आणि कर्माचे साधन या दोन भिन्न गोष्टी एकाच नावाखाली घातल्या जातात. जी गोष्ट कर्म पूर्ण झाल्यावर, कर्त्याच्या हाताबाहेरच्या अनेक कारणांनी, कदाचित येते आणि कदाचित येत नाही, ती फळ. आणि जिच्यावाचून कर्म उभेच राहू शकत नाही, ते साधन. गीतेच्याच अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, असे शंकराचार्यांच्या भाष्याप्रमाणे घ्या, किंवा जेथे कर्म घडते ते स्थान असे घ्या. दोन्ही अर्थी ते कर्माच्या आधी लागते, नंतर मिळत नाही. आता या पाचांपैकी चालकाच्या ताब्यात किती आहेत ते पाहू. त्याचे आगार कोणते हे विभागीय कार्यालय ठरविते. त्याचे करण, म्हणजे गाडी, कार्यशाळेच्या मर्जीवर अवलंबून असते. त्याचे शरीर किती तास जागे राहावे हे कामगिरीचा तक्ता सांगतो. आणि दैव तर कोणाच्याच हाती नाही. राहतात कर्ता आणि त्याची चेष्टा. पाचांतील दोन कारणे आपल्या मुठीत ठेवून, त्यांतील उणिवेची जबाबदारी मात्र कर्त्याच्या माथी मारणारा आणि वर त्यालाच वैराग्य शिकविणारा कारभारी गीतेचा अनुवाद करीत नसून तिचा अपहार करीत असतो.

विश्रांती आणि वेतन ही फळे आहेत काय? सहाव्या अध्यायात योगाभ्यासाची अट म्हणून आहार, विहार, झोप आणि जागरण यांचे प्रमाण सांगितले आहे. अति जागणाऱ्याला योग साधत नाही, हे तेथील स्पष्ट मत आहे. ध्यानाला बसणाऱ्या यतीला जे प्रमाण आवश्यक, ते धारूरच्या घाटातून पन्नास माणसांची गाडी खाली उतरविणाऱ्याला अनावश्यक ठरावे, हे तर्काला धरून होत नाही. व्यवहारशास्त्रानेही हेच मान्य केले. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सामान्यतः दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि आठवड्यास एक सुट्टी ठरवून दिली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या नियमांनी वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या अवतरणांची संख्या सहावरून दोनवर आणली. त्या नियमांचा अंमल दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण चालल्यानंतर २०२५ साली जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांनी व्हावयाचा ठरला. दुसरा टप्पा येताच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची उड्डाणे हजारोंनी रद्द झाली, प्रवासी विमानतळांवर अडकून पडले, आणि सरकारला त्या कंपनीपुरती नियमांत तात्पुरती सूट द्यावी लागली. नियम जाहीर होऊन जवळजवळ दोन वर्षे लोटली होती. म्हणजे ज्या झोपेची गरज शास्त्राने मान्य केली, कायद्याने मान्य केली, तिची तजवीज करण्याचे तेवढे राहून गेले. आणि अखेर तडजोड झाली ती पुन्हा झोपेचीच.

वेतनाचेही असेच आहे. झालेल्या महिन्याचा पगार हे त्या महिन्याच्या श्रमाचे बक्षीस नसून पुढच्या महिन्याच्या श्रमाचा शिधा आहे. तो थकला की थकतो तो कर्ताच. तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचा विचार याच दिशेने जातो. देव आणि मनुष्य यांनी परस्परांचे पोषण करावे, आणि दिलेले न परतविता केवळ भोगणारा चोर समजावा, असा तेथील भावार्थ आहे. ज्या ग्रंथाने देवांनाही या परस्परतेतून सूट दिली नाही, तो महामंडळाला वा विमान कंपनीला ती देईल, असे मानण्यास आधार कोणता?

मग सारथ्याने त्यागावयाचे फळ उरते तरी कोणते? उरते, आणि ते थोडेथोडके नाही. रात्रभर गाडी हाकून पहाटे मुंबईत पोहोचविले तरी उतरणारा प्रवासी मागे वळून पाहत नाही. मांजरसुंब्याच्या घाटात प्रसंगावधानाने टळलेला अपघात कोणत्याही नोंदवहीत जमा होत नाही, कारण जे घडले नाही त्याची नोंद व्हावयाची कोठे? हे अनाम, अनुल्लेखित राहणे जो मनाची प्रसन्नता न ढळू देता पत्करतो, त्याने फलत्याग केला असे म्हणावयाचे. आणि या अर्थाने पाहिले तर बीडच्या आगारातील साधा चालक हा त्याला उपदेश करणाऱ्या अनेकांपेक्षा गीतेच्या अधिक निकट उभा आहे. त्याला हे तत्त्व शिकविण्याची गरज नव्हती. तो ते जगत होता.

या ठिकाणी एका गोष्टीचे विस्मरण होऊ नये. फलत्यागाचा हा उपदेश ज्याने केला तो त्या क्षणी रथाच्या धुरेवर बसलेला सारथी होता, आणि ऐकणारा रथाचा धनी होता. आपण मात्र तो नेमका उलटा फिरविला: धनी बोलतो आणि सारथी ऐकतो. इतकेच नव्हे, तर त्या सारथ्याच्या धन्याने सारथ्याच्या गरजेचा प्रश्न कसा सोडविला, हेही द्रोणपर्वात सविस्तर आले आहे. युद्धाच्या चौदाव्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करण्याची प्रतिज्ञा अर्जुनाने केलेली होती. मुलाच्या मृत्यूचे दुःख ताजे होते, शत्रुसैन्य चहूंकडे होते, आणि घटका निसटत चालल्या होत्या. याहून निकडीचे वेळापत्रक कल्पिता येणार नाही. तरीही घोडे बाणांनी जखमी आणि तहानेने व्याकूळ झालेले दिसताच ऐन रणांगणात रथ थांबविण्यात आला. अर्जुन खाली उतरला, त्याने भूमी भेदून पाणी काढले, बाणांचा आडोसा उभारला आणि पायउतार स्थितीत एकट्याने सैन्य थोपवून धरले. आणि तोवर कृष्णाने घोडे सोडले, त्यांच्या अंगातील शल्ये काढली, त्यांना पाणी पाजले, चारा दिला, लोळू दिले, आणि मग पुन्हा जुंपले. प्रतिज्ञा त्या विश्रांतीमुळे मोडली नाही. विश्रांतीवाचून ती पुरी झाली असती का, हाच खरा प्रश्न आहे. निकडीचे कारण सांगून विश्रांती कापणाऱ्या प्रत्येक कारभाऱ्याने ही कथा वाचावी. कारण तिच्यात धन्याचे कर्तव्य उपदेशाने नव्हे, कृतीने सांगितले आहे. वाहणाऱ्याला श्वास घेता यावा म्हणून वाहिल्या जाणाऱ्याने काही काळ स्वतः उभे राहावे, हे ते कर्तव्य होय.

त्याच युद्धात दुसराही एक सारथी आहे. शल्य हा मद्र देशाचा राजा. त्याला कर्णाचे सारथ्य करण्यास सांगण्यात आले तेव्हा तो अपमानाने संतापला, आणि मी मनास येईल ते बोलेन, या अटीवर त्याने लगाम हाती घेतला. पुढे त्याच्या जिव्हेने कर्णाचे मन जितके घायाळ केले तितके शत्रूच्या बाणांनीही त्या वेळी केले नसेल. अपमानित सारथी रथ हाकतो खरा, परंतु तो रथ आतून पोखरलेला असतो. मनधरणी करून, मान देऊन मिळविलेले सारथ्य आणि पेचात पकडून लादलेले सारथ्य, यांत महाभारतकारांनी दाखविलेला हा भेद व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांहून जुना आहे, आणि अधिक खराही आहे.

येथवरचे विवेचन एका बाजूचे झाले; दुसरी बाजू न मांडता थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याच गीतेत लोकसंग्रहाचा, म्हणजे समाजाची घडी सांभाळण्याचा आग्रह आहे. एस.टी. बंद पडली तेव्हा मंत्र्याची गाडी अडली नाही. अडली ती पाटोद्याच्या खेड्यातून तालुक्याला शाळेत जाणारी मुलगी, अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात तपासणीसाठी निघालेला म्हातारा, आणि खासगी गाडीवाल्याने मागितलेले दुप्पट भाडे मुकाट्याने मोजणारा मजूर. महामंडळाचीही बाजू अगदीच पोकळ नाही: जे मार्ग कधीही पैसा देणार नाहीत त्यांवर गाडी सोडणे, निरनिराळ्या समाजघटकांना सवलतीत वाहून नेणे, आणि त्याची भरपाई शासनाकडून येईपर्यंत तग धरणे, हे त्याच्या नशिबी आहे. हे सर्व मान्य करूनही संप म्हणजे अकर्म, आणि अकर्माचा गीतेत निषेध, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. कारण अकर्मात कर्म आणि कर्मात अकर्म पाहणारा तो शहाणा, असाही विचार त्याच ग्रंथात आहे. पाच महिने बिनपगारी, निलंबनाचा कागद खिशात घेऊन आगाराच्या दारात बसणे ही निष्क्रियता नव्हे. ते कर्मच होते, आणि म्हणून इतर कर्मांप्रमाणे त्याचीही परीक्षा व्हावयास हवी.

त्या परीक्षेत संपकऱ्यांच्याही पदरी पुरते गुण पडत नाहीत, हे खेदाने म्हणावे लागते. वेळेवर वेतन, न कापली जाणारी सुट्टी, मुक्कामाच्या गावी छप्पर, पारदर्शक कामगिरी वाटप, या मागण्या साधनाच्या होत्या. त्यांत तडजोडीला जागा नव्हती आणि त्यांवर लोकमतही त्यांच्या बाजूस होते. परंतु विलीनीकरण नाही तर काहीच नाही, हा आग्रह धरताच लढा साधनाकडून फळाकडे सरकला, आणि फळाची आसक्ती जे करते तेच तिने येथेही केले: हाती आलेले नाकारले गेले, मुदती लांबल्या, आणि सर्वांत दुबळ्या घरांनी सर्वांत जड किंमत मोजली. मात्र हा दोष देताना त्याचे मूळही पाहिले पाहिजे. सरकारी नोकराचा पगार ठरल्या दिवशी होतो आणि आपला होत नाही, हे वर्षानुवर्षे पाहिलेल्या माणसाला सरकारी नोकर होण्याखेरीज दुसरा उपाय सुचला नाही, यात नवल ते काय? ज्याचे साधन हिरावले जाते तोच फळावर झडप घालतो. आसक्तीची निंदा करणाऱ्यांनी ती निपजविणारी टंचाई आधी दूर करावी.

अंबाजोगाईला १६ व्या शतकाच्या उत्तरार्धात दासोपंतांनी गीतेवर 'गीतार्णव' नावाची प्रचंड टीका रचली. त्यांनी सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर लिहिलेला 'पंचीकरण' हा ग्रंथही त्या गावाचे भूषण मानला जातो. त्यांच्या चरित्रात परंपरेने सांगितलेली एक कथा आहे. वडील सरकारी वसुलीचे अंमलदार. वसूल वेळेवर न भरल्यामुळे बीदरच्या दरबाराने कोवळ्या दासोपंतांस ओलीस धरले, आणि मुदतीत पैसे न आल्यास त्याचे धर्मांतर करण्याचे फर्मान काढले. मुदतीच्या अखेरच्या दिवशी दत्तात्रेयांनी पाडेवाराचे रूप घेऊन सारी रक्कम भरली आणि मुलगा सुटला. कथेची ऐतिहासिकता बाजूस ठेवली तरी तिच्यातील न्यायबुद्धी लक्षात घेण्यासारखी आहे. एका दप्तराची तूट भरून काढण्यासाठी ज्याचा तिच्याशी काही संबंध नाही अशा माणसाचा देह तारण ठेवणे, हे या मातीतील भक्तांना इतके अधर्म्य वाटले की देवाने ते सहन करणे शोभणार नाही, असे त्यांनी मानले. आणि देवाने त्या मुलाला सहनशीलतेचा उपदेश केला, असे मात्र कथेत कोठेही येत नाही. त्याने प्रथम थकबाकी भरली. गीतेवर टीका लिहिण्याचे काम त्यानंतरचे.

हाच क्रम सर्वत्र असावयास हवा. फलत्याग हे व्रत आहे. व्रत स्वतः घ्यावयाचे असते, ते दुसऱ्यावर हुकुमाने लादता येत नाही, आणि लादले तर त्याला व्रत न म्हणता वेठ म्हणतात. एखाद्याने आपल्या विश्रांतीचे तास आपण होऊन आजारी सोबत्यासाठी दिले तर तो त्याग होय; तेच तास तक्त्यातून परस्पर कापले गेले तर ती चोरी होय, मग भिंतीवर कोणताही श्लोक रंगविलेला असो. म्हणून हा उपदेश करू पाहणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत: कर्त्याला मी त्याचे अधिष्ठान दिले आहे काय, त्याचे करण धड अवस्थेत त्याच्या हाती सोपविले आहे काय, आणि माझ्या स्वतःच्या अधिकाराच्या, बढतीच्या व ताळेबंदातील नफ्याच्या फळाचा मी त्याग केला आहे काय. तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर उपदेशाची गरज बहुधा उरणारच नाही. आणि एकही उत्तर नकारार्थी असेल तर त्याने श्लोक पुसून आधी पगारपत्रकावर सही करावी.